कानबाईच्या मागची परदेशी बाई

सर्व संबंधितांना, असंबंधितांना, आणि संबंध नसतानाही दर वेळी मध्ये पडणाऱ्या माझ्या समस्त भाऊबंदांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, जुना छापील कागद म्हणजे रद्दी नव्हे. ही घोषणा उभं राहून ऐकावी. डोक्यावर टोपी असल्यास काढावी, हातात खळीचा डबा असल्यास तो आधी खाली ठेवावा. घोषणा करणाऱ्याचा राग अजून उतरलेला नाही, तेव्हा हसू नये.

हसू नये म्हटलं की आमच्याकडे लोक आधी हसून घेतात, हे मला माहीत आहे.

मी शहाद्याला राहतो, ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, आणि पन्नाशी उलटल्यावरही साठच्या दशकातल्या परदेशी गाण्याच्या जलशांची पोस्टरं जमवतो. हे वाक्य मी आमच्या भागात इतक्या वेळा उच्चारलं आहे की आता माझ्या पाठीमागे माझे विद्यार्थी त्याची नक्कल करतात. आणि ऐकणाऱ्याचा प्रश्न ठरलेला: "मंग, त्यानं करतस काय?" काय करतस म्हणजे काय? लोक सोनं घेऊन काय करतात? लॉकरमध्ये ठेवतात. मी निदान काढून बघतो तरी.

पुण्यात शिकत असताना एका रद्दीवाल्याने जुन्या मासिकांचा गठ्ठा ज्या कागदात गुंडाळून दिला, तो कागद मी खोलीवर आल्यावर उलगडला आणि मासिकं विसरून गेलो. केशरी आणि जांभळा, शेजारी शेजारी, असे की डोळे चुरचुरावेत. अक्षरं भाकरीसारखी फुगलेली, एकमेकांत घुसलेली, ज्वाळेसारखी वर चढलेली. वाचायला मला अर्धा तास लागला. नंतर कळत गेलं की तिकडची पोरं तेव्हा युद्धावर जायला नकार देत होती, केस वाढवत होती, बापाचं ऐकत नव्हती, आणि मैदानांत जमून गात होती. त्या जलशांची जाहिरात त्यांनी मुद्दाम अशी छापली की ती चटकन वाचता येऊ नये. ज्याला यायचं आहे तो थांबेल, डोळे बारीक करेल, वाचेल. घाई असलेल्याने पुढे चालू पडावं. हा माज मला भलताच आवडला. आमच्याकडे दुकानाच्या पाटीवर मालकाचं नाव सोडून आणखी काही मोठ्या अक्षरांत लिहायची सोय नव्हती.

तेव्हापासून गोव्याच्या आठवडी बाजारात, मुंबईच्या जुन्या सामानाच्या गल्ल्यांत, कुणाकुणाच्या माळ्यांवर धूळ खात मी हे जमवलं. पोस्टरं, फाडलेली तिकिटं, शर्टाला लावायचे पत्र्याचे बिल्ले, मण्यांच्या माळा, झालरीची एक चामडी पिशवी, जिला पावसाळ्यात अजून बकऱ्याचा वास येतो. शहाद्याच्या दोन खोल्यांत बायको आणि ही पिशवी एकत्र नांदेनात, म्हणून सगळा संसार मी कळसाडीला मोठ्या भावाच्या घरी, माळ्यावरच्या खोलीत हलवला. भाऊ ऊस आणि कापूस करतो. माळ्यावर तो धान्य ठेवतो. एका बाजूला त्याची गव्हाची पोती, दुसऱ्या बाजूला माझं बंड. बरीच वर्षं दोघांचं जमलं.

आता ज्या पोस्टरावरून हा सगळा प्रकार झाला, त्याच्याकडे येतो.

ज्येष्ठात मी एका रविवारी तोरणमाळला गेलो होतो. तलावाजवळ चहा पिताना टपरीवाल्याशी गप्पा निघाल्या. कुणाशीही गप्पा निघाल्या की मी विषय तिथेच नेतो, ही माझी खोड. मी हातवारे करून अक्षरं कशी फुगलेली असतात ते दाखवत होतो. टपरीवाला म्हणाला, "असा कागद वर एका बाबाकडे आहे. गोऱ्याचा कागद."

मी चहा अर्धा टाकला.

बाबा म्हणजे सत्तरीचा एक पावरा आदिवासी शेतकरी. घर कुडाचं, पुढे मक्याचं शेत. आपसात ती माणसं पावरी बोलतात. माझ्याशी तो बाजारातल्या मराठीत बोलला, मोजके शब्द, प्रत्येक शब्द नीट ठेवून. त्याने आढ्याला टांगलेली बांबूची नळी काढली. तोंडाला चिंधी बसवलेली. चुलीचा धूर इतकी वर्षं खाऊन नळी काळी झाली होती, आणि त्या धुरानेच आतल्या कागदाला वाळवी लागू दिली नव्हती. त्याने कागद काढला आणि मी चष्मा पुसून पुन्हा लावला.

हिरव्या आणि लालभडक शाईतली एक बाई. तिचे केस खाली उतरत उतरत ज्वाळा झाले होते, ज्वाळांची अक्षरं झाली होती आणि अक्षरांची फुलं. खांदे उघडे. डोळे मिटलेले. हसते आहे की गाते आहे, कळू नये असं तोंड. एक कोपरा दुमडलेला सोडला तर कागद निर्मळ. असं पोस्टर मी फक्त इतरांच्या फोनमध्ये पाहिलं होतं.

"कुठनं आलं बाबा हे?"

"मी लहान होतो. वर रस्ता नव्हता. एक गोरा आला पायी. केस इथपर्यंत." त्याने कमरेला हात लावला. "पाऊसभर आमच्याकडे राहिला. बाप त्याला भाकर द्यायचा. तो वाजवायचा काहीतरी तारांचं. जाताना हे दिलं, म्हणाला, ठेवा, मी परत येतो."

"आणि?"

"आला नाही अजून."

अजून! मी मनातल्या मनात हिशेब केला. तो माणूस जिवंत असला तर ऐंशीच्या पुढे असणार. पण बाबाचा आवाज असा होता की पाहुणा पायथ्याच्या म्हसावदपर्यंत पोचला आहे आणि जीपची वाट बघतो आहे.

मी विकत मागितलं. तो नाही म्हणाला. मी पुन्हा मागितलं. तो पुन्हा नाही म्हणाला, तेवढ्याच शांतपणे. "माझं नाही ते. बाप गेला तेव्हा सांगून गेला, गोऱ्याची ठेव आहे." शेवटी मी म्हटलं, कागद पन्नास वर्षं गुंडाळून राहिलाय, त्याला आत चिरा पडतील, मी खाली नेतो, नीट सपाट करतो, फोटो काढतो, परत आणतो. हे खरं होतं. हेही खरं होतं की तोपर्यंत म्हाताऱ्याचं मन पालटेल अशी मला आशा होती. ती आशा मी त्याला सांगितली नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण पुढे मी इतरांवर बराच ओरडणार आहे.

बाबाने मक्याकडे पाहिलं. "मका निघायच्या आत आण." बस. ना कागद, ना सही, ना माझा पत्ता. बांबूची नळी त्याने स्वतःकडे ठेवली, रिकामी, आढ्याला परत टांगून.

खाली आल्यावर मी मुंबईच्या एका ओळखीच्या विक्रेत्याला फोटो पाठवला. हा माणूस युद्धविरोधी पोस्टरं काचेच्या चौकटींत घालून थंडगार हॉलमध्ये टांगतो आणि येणाऱ्यांना वाइन देतो. त्याचा लगेच फोन. "सर, म्हाताऱ्याला चांगल्या कागदावर नवीन प्रिंट काढून द्या ना. त्याला काय कळतंय?" मी त्याला फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, स्टाफरूममधल्या बाईंनी खिडकी लावून घेतली एवढं सांगतो. पण राग येण्याचं एक कारण हे होतं की तो बोलायच्या आधी मीही दोन मिनिटं तसा विचार केला होता.

गुंडाळलेला कागद सपाट करायची रीत अशी: टिपकागदाच्या दोन थरांमध्ये तो पसरायचा, खाली-वर प्लायवूड, आणि वर सारखं वजन. घाई नाही, दोन महिने. कळसाडीच्या माळ्यावर मी हे सगळं निगुतीने केलं. वजनाला काय? समोर पोती होतीच. मी चार पोती गहू त्या प्लायवर रचले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन खाली उतरलो.

त्या हुशारीला माझे कोपरापासून नमस्कार.

खान्देशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने लावून तिला सजवतात, चौरंगावर मांडतात, मागे मखर करतात. पोटासाठी सुरत-पुण्याला पांगलेले भाऊबंद मूळ घरी येतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून, दळून त्याचे रोट करतात, आणि ते रोट भाऊबंदांखेरीज कुणाला देत नाहीत. सोमवारी सकाळी बाई वाजतगाजत नदीवर जाते. आमच्या घरची रीत अशी की नारळ न्हाऊन परत येतो, पण तिच्या मागेपुढे जे जे लावलं ते नदीला जातं. बाईच्या मागे एकदा लागलेली वस्तू घरात आणायची नाही. ती तिची.

आणि रोटाचा गहू कुठला? माळ्यावरचा.

मी रविवारी दुपारी पोचलो. ओसरीत चपलांचा ढीग, आत बायकांची गाणी, गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीचा वास. वहिनी पदराला हात पुसत दारातच आल्या. माझ्या वहिनी म्हणजे चाळीस माणसांचा स्वयंपाक करून वर सगळ्यांच्या पोरांचे निकाल विचारणारी बाई. चेहरा नुसता उजळलेला.

"भाऊ, आधी मखर देखा! यंदा कसं दिपी ऱ्हायनं!"

मी पाहिलं.

चौरंगावर कानबाई. तिच्या मागे माझाच प्लाय उभा केलेला. प्लायवर खळीने, कणकेच्या खळीने, चारी कोपरे दाबून दाबून चिकटवलेली, तोरणमाळची बाई. तिच्या उघड्या खांद्यांवरून जरीच्या पट्टीचा पदर आला होता. नाकात टिकल्यांची नथ. कपाळावर ठसठशीत कुंकू, खरं, ओलं, जरासं ओघळलेलं. गळ्यात काळ्या मण्यांची पोत, सुईदोऱ्याने, होय, सुईने कागदाला भोकं पाडून ओवलेली. तिकडच्या पोरींनी ज्या खांद्यांसाठी आख्ख्या समाजाशी भांडण मांडलं, ते आमच्या वहिनींनी एका सकाळीत झाकून टाकले होते.

"गहूना खाले सापडनी," वहिनी कुजबुजल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "रोटना गहू काढाले पोतं सरकावं, तं ही! मी म्हनं, मखरले काही नही म्हनीसन मी कालपासून चिंता करी ऱ्हायनी व्हती, आनि बाईनीच धाडी दिनी!"

रागाने माझ्या कानांत शिट्टी वाजायला लागली. आणि सगळ्यात जास्त चीड याची की त्यांच्या म्हणण्यात एकही चूक सापडेना. बाईच्या गव्हाखाली, बाईच्या सणाला, केसांच्या ज्वाळा झालेली एक डोळे मिटलेली बाई सापडते. मीही हात जोडले असते.

मी भावाला गोठ्यात ओढून नेलं. "दादा, ते माझं नाही! तोरणमाळच्या बाबाची ठेव आहे ती. मी शब्द दिलाय!"

दादा म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "कागदच शे ना रे."

"कागदच? तुझा सातबारा पण कागदच शे!"

"फोटो काढेल शे ना तुनी? मंग नवा छापी दे त्याले. डोंगरवर कोन देखस?"

मुंबईचा थंडगार हॉलवाला आणि माझा सख्खा भाऊ, दोघांच्या तोंडी एकच वाक्य. मी गोठ्यातल्या बादलीला लाथ मारली. बादली भरलेली होती. दुखणं तीन दिवस राहिलं.

मग वहिनींना बाजूला घेऊन समजावलं. हळू आवाजात, शक्य तितक्या गोड शब्दांत. त्या ऐकत गेल्या तसा चेहरा पांढरा होत गेला. वस्तू दुसऱ्याची हे कळल्यावर त्यांना मनापासून वाईट वाटलं, पण भीती त्याहून मोठी होती. "भाऊ, आते ती बाईनी व्हयनी. एक वरीस सासूबाईसनी नुसतं तोरण परत आनं व्हतं, तं जोडीमधला बैल गया. मी कशी काढू?" आणि मला एकदम कळलं की ही बाई हट्ट करत नाहीये. घरातली चाळीस माणसं तिच्या पदरात आहेत आणि ती तो पदर सोडणार नाही. तिच्यावर मला नीट रागावताही येईना. रागावता न येण्याचा जो राग असतो, तो सगळ्यात वाईट.

सोमवारी सकाळी मिरवणूक निघाली. पुढे बँड, मग फुगड्या घालणाऱ्या बायका, वहिनींच्या डोक्यावर कानबाई, आणि मागे माझे दोन चुलतभाऊ प्लायवूड धरून. परदेशी बाई पदर घेऊन, कुंकू लावून, गावाच्या रस्त्यातून डोलत चालली होती. लोक तिलाही हात जोडत होते. मी शेजारून चालत होतो आणि दर दहा पावलांनी चुलतभावांना सांगत होतो, "पाण्यात नका टाकू. ऐका माझं. पाण्यात टाकायचं नाही." ते हसत होते. "व्हई व्हई, नाना." आमच्याकडे व्हई व्हई म्हणजे नाही.

नदीला गढूळ पाणी होतं, गुडघ्याच्या वर. नारळाला न्हाऊ घातलं, आरती झाली, निर्माल्य सोडलं. मग चुलतभावांनी प्लाय उचलला.

माझं मला कळलं नाही. मी चपलांसकट पाण्यात शिरलो, त्यांच्या वाटेत आडवा उभा राहिलो आणि ओरडलो. शब्द नव्हताच, नुसता आवाज. बँड थांबला. अंग थरथरत होतं, केस विस्कटलेले, चष्मा कुठेतरी पडलेला, कपाळाला गर्दीत कुणाचं तरी कुंकू फासलेलं. मी पुन्हा ओरडलो, "नको!"

आणि माझी मोठी माय, म्हणजे चुलत्याची विधवा, ऐंशीच्या पुढची, काठी टेकत पाण्यात आली. माझ्याकडे रोखून पाहिलं. हात जोडले. आणि कापऱ्या आवाजात विचारलं, "काय चुकनं व माय आमनं?"

मला कळायला एक क्षण लागला. मग कळलं. माझ्या अंगात आली होती! म्हणजे, त्यांच्या मते.

इथे मी शपथेवर सांगतो: पहिल्या दोन आरोळ्या माझ्या होत्या, खऱ्या, पोटातल्या. तिसरी मी घेतली. कॉलेजात असताना मी तीन वर्षं नाटकात कामं केली आहेत. मी मान मागे टाकली, डोळे फिरवले आणि मास्तरकीची शुद्ध मराठी क्षणात सोडून दिली.

"पराई ठेव मन्हा मांगे लायी? माले नको ती! जठेनी शे तठे पोचाडा!"

"कोनी शे व माय?"

"तोरणमाळना बाबानी! मका निंघाना पहिले पोचाडा!"

चुलतभावांनी प्लाय असा झटकन कोरड्यात नेला की पेटलेला निखारा हातात आहे. माझं काम झालं होतं. इथेच पडदा पडायला हवा होता. पण वहिनी पुढे आल्या, गुडघाभर पाण्यात माझ्या पायांवर डोकं ठेवलं, आणि रडत म्हणाल्या, "माफ कर माय, माले माहीत नव्हतं." त्यांचा अंबाडा भिजून सुटला होता. जिने काहीच वाईट केलं नव्हतं ती माझी माफी मागत होती, आणि मी डोळे फिरवून उभा होतो. असा संताप मला स्वतःचा कधी आला नव्हता. मुंबईवाला निदान फोनवर खोटं सुचवत होता.

तेवढ्यात मागून दुसऱ्या एका बाईने विचारलं, "माय, मन्ही सूनले दिवस कवय जातीन?" आणि तिच्या मागे रांग लागायला सुरुवात झालेली दिसली. मी ताबडतोब बेशुद्ध पडलो. पाण्यात. नाकातोंडात गढूळ पाणी गेलं. तेवढी शिक्षा योग्यच होती.

संध्याकाळी मी वहिनींना खरं सांगितलं. चुलीपुढे बसून, मान खाली घालून. त्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "तुम्हले वाटस तुम्ही बोलनात. तुम्हले काय माहीत कोन बोलनं ते?" यावर रसायनशास्त्राकडे उत्तर नाही. पण माफी मागितली, आणि ती त्यांनी घेतली की नाही हे अजून कळलेलं नाही.

कागद प्लायवरून निघेना. खळ घट्ट बसलेली. वाफ दिली, ओला बोळा फिरवला, एक कोपरा सुटला तो हिरव्या शाईसकट. हात थांबवला. आहे तसाच, प्लायसकट, परत न्यायचा ठरलं. दादाने पिकअप काढली. निघताना वहिनींनी पिशवी दिली: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. "ती आपला घर राहीसन जाई ऱ्हायनी. रिकामी कशी धाडू? रोट तं देता येस नही." पोस्टरातल्या परदेशी बाईची त्यांनी ओटी भरली होती. मी पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसलो.

घाट चढताना दादा मध्येच खुसुखुसू हसायचा.

"काय झालं?"

"काही नही. बाईले यंदा पोस्टरनं ग्यान कसं काय व्हयनं रे, ते इचार करी ऱ्हायनू."

"गाडी नीट चालव."

"शहाद्याले बदली मांगी लिधी का तिनी? कॉलेजमा?"

मी खिडकीबाहेर बघत माझं भाषण घोकत होतो. बाबा, माझ्याकडून चूक झाली. बाबा, कागद खराब झाला. बाबा, मी हे पोस्टर सपाट करायला आणलं, पण खरं सांगायचं तर लोभ होता. प्रत्येक वाक्याला मागून दादाचं हसू, पुढून वळण. सातव्या वळणापर्यंत माझ्याकडे एकही वाक्य धड उरलं नव्हतं. राग तेवढा होता. दादावर, मुंबईवर, खळीवर, गव्हावर, माळ्यावर पोती रचणाऱ्या त्या हुशार माणसावर.

बाबाच्या शेतात मका छातीइतका झाला होता, कणसं धरत होती. म्हणजे मी वेळेत होतो. एवढी एकच गोष्ट माझ्या बाजूने. बाबा बाहेरच खाटेवर बसला होता. आम्ही दोघांनी प्लाय उतरवला आणि कुडाला टेकवून ठेवला. वाऱ्याने जरीची पट्टी हलली. मी ओटीची पिशवी खाली ठेवली, त्यातून नारळ घरंगळला. दादा हसायचा थांबला होता.

"बाबा," मी सुरुवात केली, "माझ्याकडून..."

बाबाने हात वर करून मला गप्प केलं. उठला, जवळ गेला. नळीत मावणारा, सुटा, उघड्या खांद्यांचा कागद त्याने दिला होता. आता फळीला खिळल्यासारखी पदरवाली बाई उभी होती. त्याने नथीकडे पाहिलं. कुंकवाच्या ओघळाला बोट लावलं, बोट बघितलं. काळी पोत मण्यामण्याने चाचपली. खण बघितला, नारळ बघितला, माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे, आणि घाटाच्या रस्त्याकडे, जिथून इतक्या वर्षांत गोरा आला नव्हता. मग घरातल्या त्याच्या म्हातारीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो म्हणाला,

"अरे मास्तर, लगन लावून आणलं हिचं! आता गोरा आला तर मी त्याला काय सांगू?"